फ्लेक्सवर नसलेले

काचेच्या दारावर, आतून चिकटवलेलं:

सूचना. सायंकाळच्या बॅचसाठी (६.३० ते ८.३०). गेल्या तीन वर्षांत आपल्या क्लासच्या यशस्वी विद्यार्थ्यांच्या फ्लेक्सवर एकूण त्रेचाळीस फोटो झळकले. त्यांपैकी एक्केचाळीस सकाळच्या बॅचचे व दोन सायंकाळच्या बॅचचे आहेत. यावरून सायंकाळच्या विद्यार्थ्यांची निवड होत नाही हे स्पष्ट आहे. सबब, येत्या सोमवारपासून सायंकाळची बॅच बंद करून ती वेळ पोलीस भरतीच्या बॅचला देण्यात येत आहे. सायंकाळच्या विद्यार्थ्यांनी सकाळी ७ ते ९ या वेळेत यावे. सुंदरराव सर, संचालक.

रुकसानाने ती मंगळवारी संध्याकाळी वाचली. एका पायात चप्पल होती, दुसरी काढून हातात घेतलेली. ती तशीच उभी राहिली. मागून येणारे तिच्या खांद्यावरून वाचू लागले.

सकाळी सात.

सकाळी सात वाजता रुकसाना लॅबच्या काउंटरवर असते. उपाशीपोटी साखर तपासायला आलेली माणसं पावणेसातपासूनच पायरीवर बसलेली असतात आणि रक्त दिल्याशिवाय चहा प्यायचा नाही म्हणून तिच्यावर डोळे वटारून असतात. संध्याकाळी सहाला लॅबमधून सुटून चालत क्लासला यायचं, साडेआठला अब्बा दुरुस्तीला आलेल्या कुणाच्या तरी मोटरसायकलवर न्यायला येणार, असं तिचं बसवलेलं होतं. एमबीएच्या प्रवेश परीक्षेला दहा आठवडे उरले होते. लॅबच्या डॉक्टरांना संध्याकाळच्या पाळीलाही तीच हवी होती. परीक्षा होईपर्यंत थांबा, असं तिने त्यांना सांगितलं होतं, आणि ते थांबले होते. अब्बांचं म्हणणं एवढंच: हे एक साल तुझं. घरी अभ्यास करून पाहिला होता. एक खोली, सहा माणसं, एक टीव्ही.

म्हणजे बॅच गेली की परीक्षा गेली. गणित सोपं होतं, त्यात लपलेलं काही नव्हतं.

आत

एकोणीस जण बसले होते. पंखा फिरत होता. पौर्णिमा मॅडम आल्या, त्यांनी पर्स टेबलावर ठेवली. मॅडम दिवसभर कोर्टासमोर एका वकिलांकडे कागदपत्रांचं भाषांतर करतात आणि संध्याकाळी इथे एमबीए आणि बँकेच्या परीक्षांसाठी तर्कक्षमता शिकवतात. त्यांनी सूचना वाचलेली होती. मुलांसारखीच, दारातच.

"आता काय शिकवता, मॅडम," विलास म्हणाला. विलास नेकनूरचा, मोंढ्यात खताच्या दुकानात कामाला. "आमचं तर कल्याण झालं."

"वही काढा. प्रश्न अकरावा."

"कालच्या शीटमधी दहाच हायत."

"अकरावा दारावर आहे."

त्यांनी फळ्यावर वरच्या टोकाला लिहिलं:

फ्लेक्सवर ४३ फोटो. ४१ सकाळचे, २ सायंकाळचे.

मग बराच फळा कोरा सोडून अगदी खाली:

सायंकाळच्या विद्यार्थ्यांची निवड होत नाही.

मधल्या कोऱ्या जागेवर त्यांनी तळहात ठेवला. "धंद्याचा युक्तिवाद आहे हा. क्लास हा धंदाच आहे, त्यात वाईट काही नाही. बेकरीवाल्याचा प्रश्न आठवतोय? वेष्टन बदललं, खारी जास्त खपली, सबब वेष्टनामुळे खपली. आपण काय पाहिलं होतं? 'सबब' दिसला की थांबायचं. वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर उडी मारताना माणूस मधे एक टेकू लावतो आणि तो लावलाय हे सांगत नाही. बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं. इथे कोणता टेकू आहे?"

"इथं सरांचा मेव्हणा हाय," विलास म्हणाला. "पोलीस भरतीचं त्योच शिकवणार हाय."

हशा झाला. मॅडमही हसल्या.

"खरं आहे?"

"शंभर टक्के. मी त्येला सरांच्या गाडीत बघितलंय."

"मग उलट करून बघ. समज मेव्हणा नाही, कुणी परका आहे. तरी वरच्या ओळीवरून खालची ओळ येते की नाही?"

विलासने फळ्याकडे पाहिलं. "येती."

"म्हणजे मेव्हणा हा टेकू नाही. टेकू तो, जो काढला की गाडा पडतो. खरं असणं वेगळं, टेकू असणं वेगळं. तुमचे मार्क कायम इथेच जातात. पर्यायांमधे जे खरं वाटतं त्यावर खूण करून मोकळे होता. पेपर काढणाऱ्याला तुमचा मेव्हणा माहीत नसतो."

"माझा न्हाई, सरांचा."

पुढच्या बाकावरचा एक जण म्हणाला, सर असं धरून चाललेत की आपण अभ्यास करत नाही. मॅडमनी ते मधल्या जागेत लिहिलं आणि विचारलं, "उलट कर. समज, तुम्ही मरमर अभ्यास करता. मग खालची ओळ खोटी पडते?" तो म्हणाला, नाही, अभ्यास करूनही माणूस नापास होऊ शकतो. त्यांनी ते पुसलं.

खिडकीजवळून कुणीतरी: सायंकाळी मुलंच कमी आहेत. तीन वर्षांत सकाळचे दोनशे चाळीस, आपले एकाहत्तर. मॅडमनी मान डोलावली. "हे चांगलं आहे. गाडा हलला. पण एकाहत्तरात दोन म्हणजे तरीही थोडेच. पडला नाही."

रुकसानाची नजर फळ्यावर होती. ती वरची ओळ वाचत होती, मग खालची, मग पुन्हा वरची. वर फोटो होते. खालपर्यंत येताना फोटोंची निवड झाली होती. एक गोष्ट दाखवली होती आणि बोलणं दुसऱ्याच गोष्टीबद्दल चाललं होतं.

आणि तिला आयशा आठवली.

आयशा तिची मावसबहीण. दोन वर्षांपूर्वी याच बॅचला, याच पंख्याखाली. पर्सेंटाइल चौऱ्याण्णव. आता पुण्यात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्या वर्षी बार्शी नाक्यावर फ्लेक्स लागला तेव्हा रुकसाना मुद्दाम रिक्षातून उतरून बघायला गेली होती. चौदा चेहरे होते, आयशा नव्हती. नसणारच होती, कारण खालूंनी, म्हणजे आयशाच्या अब्बांनी, घरात सांगितलं होतं, "लडकी का फोटू चौक में नक्को." तेव्हा रुकसानाला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आज मात्र सूचना वाचून तीसुद्धा मान्य करून बसली होती की आपल्या बॅचचं कुणी निघत नाही. आयशाला ओळखत असून.

"मॅडम," ती म्हणाली. "ज्याची निवड होते तो फोटो देतोच, असं सरांनी धरलंय."

"उलट कर."

"निवड झाली, पण फोटो दिला नाही. अशी पुष्कळ मुलं आहेत असं समजू. मग…"

एकोणीस जणांनी फळ्याकडे पाहिलं. वरची ओळ जशीच्या तशी खरी होती. खालची ओळ आता तिच्यातून निघत नव्हती.

मॅडम "बरोबर" म्हणाल्या नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या.

"एक विचारते. तुमच्यापैकी कुणाची निवड झाली तर फ्लेक्ससाठी फोटो देणारे किती? खरं सांगायचं."

चार हात वर झाले.

"बाकीचे कावून न्हाई?" विलासने मागे वळून विचारलं. त्याचा स्वतःचाही हात खालीच होता. मग तोच म्हणाला, "माझं सांगतो. शेठला ठाऊक न्हाई मी क्लासला येतो ते. फोटो बघितला की म्हणंल, हा तर चालला. कॉलेज लागायला चार महिने, तवर खायचं काय?"

मग एकेक बोलू लागले. मालकाला कळेल. सासरी कळेल, त्यांना वाटतं मी शिवणक्लासला जाते. यादीत नाव आलं तरी कागदपत्रं तपासून हातात काही पडेपर्यंत बोलायचं नाही, नजर लागते. एकाने सांगितलं की फोटोत तो चांगला येत नाही. त्याला टाळ्या मिळाल्या.

सकाळच्या बॅचमधली मुलं दिवसभर मोकळी असतात. त्यांना लपवायला कुणी मालक नसतो.

पौर्णिमा मॅडमच्या फोनमध्ये, तीन वर्षांतले, एकाखाली एक नाही, शोधून काढलेले निरोप:

"मॅडम झालं. बँकेत लागलो. पण जॉइनिंग येईपर्यंत कुणाला बोलू नका, इथला मॅनेजर लगेच काढून टाकील. नवनाथ"

"तुमचे लई उपकार मॅडम. सध्या फक्त तुम्हालाच सांगतेय."

"मॅडम अठ्ठ्याऐंशी पर्सेंटाइल. घरी अजून सांगितलं नाही. वेळ बघून सांगते. प्लीज."

आणखी दोन होते. प्रत्येकाला त्यांनी एकच उत्तर पाठवलं होतं: कुणालाही सांगणार नाही.

नंतर कुणाचीच जॉइनिंग झाल्याची, घरी सांगितल्याची खबर आली नाही. माणसं कामाला लागली, गावं बदलली, सांगायचं राहून गेलं. मॅडमनी हे पाच निरोप अपवाद म्हणून धरले होते. उरलेले गळाले असतील, असं त्यांनीही मनात केव्हातरी मान्य करून टाकलं होतं. रोज दुसऱ्यांचे टेकू शोधून देणाऱ्या बाईने.

बुधवार, सरांची केबिन

सुंदरराव सर पूर्वी गणित शिकवायचे. आता संगणकावर फ्लेक्सचं डिझाइन बघत होते. भिंतीशी जुने फ्लेक्स गुंडाळून उभे केलेले होते. त्यातले काही दरवर्षी नेकनूरला जातात, विलासच्या वडिलांचा कांदा झाकायला.

मॅडम आणि विलास बाजूला उभे राहिले आणि रुकसानाने सगळं सांगितलं. फळ्यावर होतं तसं, वरून खाली.

"बरं," सर म्हणाले. "हुशार हायस. नावं सांग."

"आयशा. माझी बहीण."

"एक झाली. आणखी?"

रुकसानाने मॅडमकडे पाहिलं.

"मला पाच माहीत आहेत," पौर्णिमा मॅडम म्हणाल्या. "पण सांगणार नाही. शब्द दिलेला आहे."

"वा. म्हंजी पुरावा हाय, पण कपाटात कुलूपबंद हाय. मॅडम, कोर्टात बसून बसून तुमी वकील झालात की. मला काय हौस आलीय का बॅच बंद करायची? मी फोटो मोजले. जे दिसतं तेच मोजता येतं माणसाला."

"म्हणून तर म्हणतोय सर," विलास म्हणाला, "जे दिसत न्हाई…"

"तू गप रे. तुझ्या बापाकडं माझे तीन फ्लेक्स हायत."

विलास एक पाऊल मागे सरला.

सरांनी चष्मा काढला. "शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत. ज्याचं त्यानं मला सांगायचं. आल्यावर, फोनवर, कसंबी. तुमी सांगितलेलं चालणार न्हाई. सोमवारी भरतीची पोरं यायची हायत, त्यांना मी जागा दाखवलीय."

केबिनमधून बाहेर आल्यावर मॅडमनी पाचही जणांना एकच मजकूर पाठवला: तुमचं नाव मी कुणालाही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तुम्ही स्वतः सांगू शकाल का, एवढंच विचारते आहे. बॅच तुमच्यामुळे वाचेल. नाही म्हणालात तरी राग नाही.

बुधवारी रात्रीपर्यंत एकाचंही उत्तर आलं नाही.

रुकसाना, गुरुवारी दुपारी, लॅबच्या मागच्या जिन्यात, आयशाशी

"आपा, एक काम आहे."

(…)

"नाही, सगळे बरे आहेत. अम्मीचा गुडघा सोडून."

(…)

"फोटू नक्को, आपा. फोटो कुणी मागत नाहीये. फक्त तू सरांना एक फोन करायचा. मी अमुक साली सायंकाळच्या बॅचला होते आणि मला इतके मिळाले. बस."

(…)

"खालूंना विचार ना. त्यांना सांग, चौकात नाही, केबिनमध्ये. एकच माणूस ऐकणार आहे."

(…)

"मला माहितीय तू मोठी झालीस. तरी विचार. नंतर त्यांना दुसऱ्याकडून कळलं तर माझं नाव येईल."

(…)

"हां. हां. सोमवारी बंद होतेय, आपा. दहा आठवडे राहिलेत फक्त."

(…)

"मी रडत नाहीये. जिन्यात आवाज घुमतो."

विलास, त्याच दिवशी, दुकानातल्या पोत्यांमागून, नवनाथशी

मॅडमनी नवनाथचं नाव घेतलेलं नव्हतं. विलासला तो आठवला, कारण दोन वर्षांपूर्वी तो त्याच्याच बाकावर बसायचा आणि एका सोमवारी यायचाच बंद झाला. नंबर अजून तोच होता.

"नवनाथ, काय चाललंय बे?"

"कोण, विल्या? तुझा नंबर हाय माझ्याकडं अजून."

"एक खरं सांग. तू पास झालतास का?"

"मॅडमनी सांगितलं?"

"त्या कुठं सांगतेत. आमी आपले समजलो की तू हात टेकलेस. पुस्तकं विकलीस म्हणून बी कुणी म्हणलं होतं."

"मी कड्याला हाय की, बँकेत. दीड वरीस झालं." नवनाथ हसला. "पुस्तकं विकली हे खरं हाय. पण पास झाल्यावर विकली."

"मग पेढे कुठं वाटलेस, बे?"

"पेढे वाटले असते तर मॅनेजरला एक द्यावा लागला असता."

विलासने त्याला सूचनेचं सांगितलं. नवनाथ म्हणाला की मॅडमचा मेसेज कालच आला होता, पण उत्तर काय लिहावं ते सुचलं नव्हतं. लपवायचं कारण केव्हाच संपलं होतं. तरी लपवायची सवय होती.

"शनिवारी येतो," तो म्हणाला. "एक काम कर. बंकटला फोन लाव. आमी दोघं एकदमच पास झालो होतो ना."

"बंकट पण?"

"तुमाला काय वाटलं, बंकटनं बी हात टेकले?"

विलासला तेच वाटलं होतं. जो यायचा बंद झाला त्याच्याबद्दल सगळ्यांना नेहमी तेच वाटत आलं होतं.

शुक्रवार

बंकटने आणखी एक नाव दिलं. त्या नावाने आणखी दोन. खिडकीजवळच्या मुलीला तिच्या जुन्या बाकावरची साखराबाई आठवली. ती पस्तिशीची होती म्हणून सगळे तिला काकू म्हणायचे, आणि ती गेवराईकडे कुठल्याशा पतसंस्थेत अधिकारी झाली होती. फोनवर ती म्हणाली, "मी तर सरांना सांगायला आलेच होते. केबिनमधी गर्दी होती, सकाळच्या पोरांचे आई-बाप फोटो घेऊन उभे होते. मी म्हणलं, नंतर येईन."

एकाने नाही म्हटलं. स्पष्ट कारण दिलं नाही, आणि कुणी विचारलं नाही.

आयशाचा फोन आला नव्हता. रुकसानाने त्या दिवशी दोन रिपोर्टवर पेशंटची नावं उलटसुलट लिहिली. डॉक्टरांच्या लक्षात येण्याआधी तिच्याच लक्षात आली, आणि तिने ती बदलली.

शनिवार

सहा वाजून दहा मिनिटं. नवनाथ कड्याहून एसटीने आला, बँकेचं ओळखपत्र गळ्यात तसंच. विलासने ते हातात धरून पाठपोट बघितलं आणि "फोटो चांगला आलाय की" म्हणाला.

सहा पंचवीसला बंकट आला. त्याच्या मागून साखराबाई, रिक्षातून उतरताना रिक्षावाल्याशी भांडत.

बाकीचे फोनवरून बोलले. सरांनी फोन टेबलावर उताणा ठेवला होता आणि आवाज मोठा केला होता. लातूरहून एक. संभाजीनगरहून एक, मागे यंत्राचा आवाज. एक मुलगी म्हणाली, "सर, मी घरी काल सांगितलं. त्याशिवाय तुम्हाला कसं सांगणार होते?" आणि मग तिला पुढे बोलता येईना, हसत होती की काय कळत नव्हतं. सर म्हणाले, "बाई, सावकाश." प्रत्येकाला ते वर्ष विचारत होते, मार्क विचारत होते आणि जुन्या हजेरीपटात नाव सापडलं की पेन्सिलीने बारीक टिंब देत होते. एक नाव सापडलं नाही. तो कधीच सायंकाळच्या बॅचला नव्हता, मित्राच्या सांगण्यावरून उगाच फोन केला होता. सरांनी त्याला दोन वाक्यांत झापून फोन ठेवला.

सहा पन्नास. अकरा टिंबं.

रुकसाना दाराला टेकून उभी होती. अब्बा खाली येऊन थांबले होते, आज लवकर. तिने फोन ओढणीत गुंडाळून धरला होता.

सहा चोपन्नला सरांचा फोन वाजला. पुण्याचा नंबर. पण बोलला एक पुरुष.

"सर, अस्सलाम आलेकुम. मी आयशाचा वालिद. लाइनवर ती पण आहे. माझ्या मुलीला चौऱ्याण्णव पर्सेंटाइल होते. तुमच्या संध्याकाळच्या बॅचमधून."

"हां, हां. नमस्कार. नोंद करून घेतो."

"फोटो नाही देणार आम्ही."

"फोटो नकोच हाय."

"पण नाव टाका. मोठं टाका. नाव टाकायला आमची मना नव्हतीच कधी, तुम्ही विचारलंच नाही."

पलीकडून आयशाचा आवाज आला, "अब्बा, बस ना." केबिनमध्ये सगळे हसले. सरसुद्धा.

रुकसाना खाली बसली. तिथेच, दारात, चपलांच्या शेजारी.

बारा. आणि फ्लेक्सवरचे जुने दोन. सरांनी कागदावर भागाकार केला. गणिताच्या शिक्षकाने करावा तसा, पायऱ्या दाखवत.

"सकाळचे दोनशे चाळीसात एक्केचाळीस. शंभराला सतरा. सायंकाळचे एकाहत्तरात चौदा." त्यांनी पुन्हा करून बघितला. "शंभराला जवळपास वीस."

"म्हंजी आमी फुडं," विलास म्हणाला.

"नाही," पौर्णिमा मॅडम म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तसं म्हणता येणार नाही. सायंकाळच्यांना आपण फोन करून शोधलं. सकाळच्यांना नाही शोधलं. त्यांच्यातही कुणी फोटो न देणारे असतील. आपण पुढे आहोत म्हटलं, तर आपणही सरांनी लावला तोच टेकू लावतोय."

"मॅडम," विलास दबक्या आवाजात म्हणाला, "आत्ताच कशाला हे."

"आत्ताच. सर, आम्ही जास्त हुशार आहोत हे आम्हाला सिद्ध करायचंच नाहीये. तुमच्या सूचनेत लिहिलंय, सायंकाळच्यांची निवड होत नाही. तेवढं वाक्य उभं राहत नाही. आमचं म्हणणं इथे संपलं."

सुंदरराव सर खुर्चीत मागे रेलले. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, आणि मग गुंडाळलेल्या फ्लेक्सकडे.

"सकाळच्यांचं सांगू का तुमाला," ते म्हणाले. "ते निकालाच्या आदी फोटो देतेत. एकाच्या बापानं नापास पोराचा फोटो आणून दिला होता, पुढच्या साली लागंल, आत्ताच टाका म्हणून. तितं कुणी दडलेलं न्हाई, खात्री हाय माझी." मग लगेच: "आता खात्री हाय म्हणलं की बी तुमी टेकू शोधताल."

"शोधू," मॅडम म्हणाल्या.

"शोधा. पण तुमचं बोलणं पटलं. तुमच्या फायद्याचं असून सोडलं तुमी, म्हणून जास्त पटलं." त्यांनी ड्रॉवरमधून वेळापत्रक काढलं. "पोलीस भरतीची पोरं. सकाळी पळतेत, संध्याकाळी बी पळतेत. मधी काय करतेत?"

"झोपतेत," बंकट म्हणाला.

"एक ते चार हॉल रिकामाच असतो. दुपारी उन्हाचं कोण येतंय, असं मी आपलं धरून बसलो होतो. कुणाला विचारलं बी न्हाई." त्यांनी मेव्हण्याला फोन लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला. सर फक्त "कूलर लावू" आणि "हो, दोन लावू" एवढंच म्हणत होते. फोन ठेवून ते उठले, केबिनच्या बाहेर आले, काचेच्या दारावरची सूचना एका कोपऱ्यातून नखाने सोडवू लागले. चिकटपट्टी चिवट होती. विलासने मदत केली.

जिन्यात

"क्या हुआ?" अब्बांनी विचारलं. ते जिन्यासमोर कुणाच्या तरी लाल मोटरसायकलवर बसले होते आणि एका हाताने ब्रेकची तार चाचपत होते.

"सुरू राहणार."

"सोमवारी?"

"सोमवारी. साडेसहा."

अब्बांनी मान डोलावली. गाडी सुरू केली, पुन्हा बंद केली. "साडेआठलाच येऊ ना मग?"

"साडेआठलाच."

"बरं. मी आपलं विचारलं." रस्ताभर ते शीळ घालत होते. ती शीळ कुठल्याच गाण्याची नव्हती.

सोमवार

पंखा फिरत होता. मॅडमनी नवीन शीट वाटलं. पहिला प्रश्न:

एका दुचाकी कंपनीने जाहिरातीवरचा खर्च निम्मा केला. त्या वर्षी विक्री घटली नाही. सबब, जाहिरातीचा विक्रीवर परिणाम होत नाही. वरील युक्तिवादामागे कोणते गृहीतक आहे?

चार पर्याय. रुकसानाने वर वाचलं, खाली वाचलं, मधल्या जागेवर पेन्सिल धरली. 'क' वर खूण केली. दुचाकींची विक्री लग्नसराईत वाढते. ते खरं होतं. अब्बांच्या गॅरेजात दर वर्षी दिसत होतं.

"चूक," मॅडम तिच्या बाकाशी येऊन म्हणाल्या. "लग्नसराई हा तुझा मेव्हणा."

विलास मागून हसला. रुकसानाही हसली. शनिवारपर्यंतची रुकसाना असती तर या एका चुकीने तिला घाम फुटला असता, दहा आठवडे मोजले असते, त्यातले दिवस मोजले असते. आता तिने फक्त खोडरबर घेतलं. 'क' उलटा करून पाहिला. गाडा पडला नाही. 'ब' उलटा करून पाहिला: समज, आधीच्या जाहिरातींचा परिणाम त्या वर्षीही टिकून होता. पडला.

तिने खूण केली आणि दुसऱ्या प्रश्नाकडे वळली. तो लांबलचक होता आणि तिला कळला नाही. तिने शेजारी एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं, उद्या मॅडमना विचारायला, आणि तिसऱ्यावर गेली.